पीएचडीच्या गाईड मंडळींना खुलं पत्र: आमची दोन पानं तरी वाचा, हातात पेन्सिल घेऊन

आदरणीय सर, मॅडम,

आपल्या विद्यापीठातल्या सगळ्या मार्गदर्शकांना आणि आरएसीवर, म्हणजे आमची प्रगती तपासणाऱ्या संशोधन सल्लागार समितीवर, बसणाऱ्या सगळ्यांना हे पत्र आहे, कुणा एकाला नाही, त्यामुळे कुणी अंगावर घेऊ नका आणि कुणी ‘हे आपल्याला नाही’ म्हणून सोडूनही देऊ नका. मी इतिहासात पीएचडी करते, पाचवं वर्ष चालू आहे, विषय बहात्तरचा दुष्काळ आणि माणदेशातली दुष्काळी कामं, म्हणजे तेव्हा सरकारने लोकांना मजुरी मिळावी म्हणून काढलेली कामं. सकाळी एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने पैसे मिळतात तसे, तास घेते, दुपारी जमलं तर लायब्ररी आणि लिहायचं ते रात्री. नाव लिहीत नाही, का ते तुम्हाला माहितीये.

तक्रार एकच आहे. आतापर्यंत माझे आठ प्रगती अहवाल सादर झाले, आठही अहवालांवर सही आहे, शिक्का आहे, ‘प्रगती समाधानकारक’ आहे. पण मी लिहिलेलं एक पान समोर घेऊन, वाक्य वाक्य वाचून, इथं तुला काय म्हणायचंय ते कळत नाहीये किंवा हे तुला कुठून कळलं, असं विद्यापीठातल्या एकाही माणसाने मला विचारलेलं नाही. एकानेही. प्रकरण दिलं की दोन-तीन महिन्यांनी परत येतं, पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘सुधारणा करा’ आणि खाली सही, बाकीची ५५ पानं कोरी करकरीत, कधीकधी मी मुद्दाम मधली दोन पानं उलटी लावून दिलीत, तशीच उलटी परत आलीत. कसली सुधारणा ते विचारायला गेलं की उत्तर मिळतं, भाषा जरा संशोधनाची हवी.

आता ही संशोधनाची भाषा पीएचडीच्या सुरुवातीच्या कोर्सवर्कमध्ये शिकवतील असं मला बिचारीला वाटलं होतं. तिथं काय झालं तर संशोधनाच्या पाच व्याख्या, संशोधनाचे प्रकार, नमुना निवडीच्या पद्धती, आणि शेवटी परीक्षा, ५५ टक्क्यांना पास, मला ६८ पडले. चांगल्या गृहीतकाची सहा वैशिष्ट्यं मला आजही झोपेतून उठवून विचारा, सांगेन. माझ्या विषयाचं गृहीतक कसं लिहायचं ते मात्र विचारू नका. त्यातच तो दोन क्रेडिटचा रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा पेपर, त्यात २०१८ चा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, वाङ्मयचौर्याचा नियम पाठ करून घेतला: दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर माफ, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ४० ते ६० तर एक वर्ष प्रबंध देता येणार नाही, ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. सगळं बरोबर आहे, हवंच आहे. पण दुसऱ्याचं वाचलेलं आपल्या शब्दांत कसं मांडायचं हे एकदाही न दाखवता नुसतं हे सांगणं म्हणजे नव्या सुनेला स्वयंपाक न शिकवता करपलं तर दंड किती एवढंच सांगण्यासारखं आहे.

मग मी शिकले कुठून? जिथून सगळे शिकतात तिथून, शोधगंगेवरून. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, त्याला नावं ठेवणार नाही, ते नसतं तर आमच्यासारख्यांना दुसऱ्या गावचा प्रबंध बघायलाही मिळाला नसता. पण मी तिथून काय उचललं तर साचा. विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती व मर्यादा, प्रकरण योजना, आणि शेवटी निष्कर्ष व शिफारशी, ज्या शिफारशी ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ इथं येऊन थांबतात. भाषाही तिथलीच. ‘मी’ लिहायचं नाही, ‘संशोधिका’ लिहायचं. त्यामुळे माझ्या दुसऱ्या प्रकरणात ‘संशोधिकेने सदर गावास भेट दिली असता’ असं वाक्य आहे, आणि ते गाव माझं माहेर आहे हो! भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारे इतिहासकार वि. का. राजवाडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या प्रस्तावनांमधून थेट भांडायचे, हे पटतं, हे पटत नाही असं स्वतःच्या नावाने सांगायचे, आणि आम्ही २०२० नंतर नोंदणी केलेली माणसं स्वतःच्याच गावाला सदर म्हणतो.

हे सगळं मला उमगलं ते विद्यापीठात नाही तर मी राहते त्या घरी. घरमालकांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलंय, खिळे जुळवायचे तेव्हापासून. आता वय झालंय, भिंग लावून पेपर वाचतात आणि पेपरातल्या चुकांवर पेन्सिलने खुणा करत बसतात, कुणाला दाखवायला नाही, सवय म्हणून. एकदा माझी प्रिंट जिन्यात पडली होती ती त्यांच्या हाती लागली. संध्याकाळी हाक आली, “अगं बाई, हे ‘दिसून येते’ एका प्रकरणात ४१ वेळा आलंय, कुणाला दिसून येतंय?”

मला आधी रागच आला. दहावीपर्यंत शिकलेला माणूस माझं प्रकरण तपासतोय. पण त्यांनी समोर बसवलं आणि पहिल्याच वाक्यावर पेन्सिल ठेवली. वाक्य असं होतं: ‘सन १९७२ मध्ये महाराष्ट्रात भीषण स्वरूपाचा दुष्काळ पडून संपूर्ण जनजीवन विस्कळीत झाल्याचे दिसून येते.’ अण्णा म्हणाले, संपूर्ण म्हणजे कोकणात पण? मी म्हटलं, तसं नाही. मग ‘स्वरूपाचा’वर रेघ, हा काढून बघ, काही कमी होतंय का? नाही. जनजीवन म्हणजे कोण? आणि पाऊस काय १ जानेवारी १९७२ ला थांबला का? मी म्हटलं, नाही अण्णा, राज्याच्या बऱ्याच भागात त्याआधीची दोन वर्षंही कमी पावसाचीच होती, बहात्तर हे तिसरं, आणि माझ्या मुलाखतींमध्ये म्हातारी माणसं सांगतात की बैल विकायला त्यांनी आदल्या उन्हाळ्यातच सुरुवात केली होती, कामं निघाली ती फार नंतर. अण्णा माझ्याकडे बघत राहिले. “मग हे लिही की. हे कुठं आहे यात?”

हे कुठंच नव्हतं. म्हणजे होतं, चौथ्या प्रकरणात पान १८७ ला एका तळटिपेत. त्या रात्री मी पहिलं वाक्य पुन्हा लिहिलं: ‘माणमधल्या या चार गावांत लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, पण त्यांचे बैल बाजारात गेले ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यात.’ एवढंच. आणि चार वर्षांनी मला कळलं की माझा प्रबंध कशावर आहे, दुष्काळ कधी पडला यावर नाही तर सरकारला तो कधी दिसला आणि माणसांना कधी, या दोन तारखांमधल्या अंतरावर. सर, गृहीतक गृहीतक म्हणतात ते हेच ना? ते कोर्सवर्कच्या नोट्समधून नाही आलं, एका वाक्यावर कुणीतरी अर्धा तास घालवला तेव्हा आलं.

नंतर अण्णांचा नादच लागला. मी लिहिलं होतं, ‘मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते.’ हा आकडा चुकीचा नाही, या विषयावर लिहिणारे सगळे थोड्याफार फरकाने तोच देतात. अण्णांनी समासात फक्त तीन शब्द लिहिले, कुणी मोजले, कसे? मी मग शोधायला लागले. आकडा येतो हजेरीपटांवरून, मस्टरवरून. आणि मस्टरवर कोण होतं? माझी आज्जी पाझर तलावाच्या कामावर होती, खडी फोडली तिनं, ती सांगते की तिचा धाकटा भाऊ बारा वर्षांचा, तो थोरल्याच्या नावावर जायचा कारण थोरला आजारी. मग मस्टरवर नाव एकाचं आणि पाट्या उचलल्या दुसऱ्याने. एका कार्यालयात जुनी मस्टरं बघायला गेले तर मुदत संपली म्हणून कधीच निकाली काढलेली. म्हणजे आता राहिलं काय तर आज्जीसारख्या माणसांची आठवण, विधिमंडळातल्या चर्चा आणि जुनी वर्तमानपत्रं, आणि या तिन्हींचं एकमेकांशी जमत नाही तेव्हा काय लिहायचं, कसं लिहायचं, तळटीप कशी द्यायची, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मुलाखतीचा संदर्भ मराठीत कसा द्यावा यावर चार गाईडांनी मला चार वेगवेगळ्या पद्धती सांगितल्यात, लिखित एकही नाही. डाव्या बाजूला समास किती इंच सोडायचा याचं परिपत्रक मात्र आहे, आणि बाइंडिंगचा रंग.

आज्जीवरून आठवलं. तिच्या मुलाखतीत एक वाक्य आहे, “मिलूची भाकर थापाय घेतली की तुटायची, लालभडक, पोरं हात लावायची न्हाईत, मग म्या डोळं वटारून खायाला लावायची आन् मागनं आपुनच रडायची.” मिलू म्हणजे ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. मला सांगितलं गेलं, प्रमाण भाषेत घ्या. मी घेतलं. ‘मुलाखत दिलेल्या महिलेने निकृष्ट धान्याबाबत नाराजी व्यक्त केली.’ अण्णांनी दोन्ही वाक्यं वाचली आणि काहीच बोलले नाहीत, चहा संपवून आत गेले.

आता त्या साम्याच्या टक्केवारीवर येते, कारण तिथं लेखनाचं जे होतं ते तुम्हाला माहीत असेलच, पण कुणी बोलत नाही. आमच्या एका सीनियरचा प्रबंध गेटबाहेरच्या डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत टाइप केलेला होता, त्याचा अहवाल आला २ टक्के. दोन! त्याची हुशारी नाही हो, जुन्या फॉन्टमधला मजकूर सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, त्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, तिचं साम्य कशाशी निघणार? माझं सगळं युनिकोडमध्ये, म्हणून माझे १९ टक्के. त्यात पिवळं काय झालं होतं तर शासन निर्णयांची नावं, कार्यालयांची नावं आणि अवतरणं. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची नावं धरायची नाहीत हे त्या २०१८ च्या नियमातच आहे, पण ते फिल्टर लावायला कुणाला वेळ नाही. सल्ला मिळाला तो सोपा: शब्द बदला. ‘दुष्काळ’ फार वेळा येतोय, कुठे ‘टंचाई’ करा, कुठे ‘अवर्षण’ करा, कुठे ‘दुर्भिक्ष’.

सर, मी तिथं हसावं की रडावं? महाराष्ट्राने १९६३ मध्ये एक कायदा केला, राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकायचा आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई. बहात्तरला माणसं दुष्काळ म्हणत होती आणि सरकारी कागद टंचाई म्हणत होते, माझा अख्खा प्रबंध या दोन शब्दांच्या मधे उभा आहे, आणि मला सांगितलं जातंय की साम्य कमी करायला एकाच्या जागी दुसरा टाक. सांगणाऱ्याने माझं एक प्रकरण जरी वाचलं असतं ना तरी त्यांच्या तोंडून हे निघालं नसतं. (मी बदलले नाहीत. अर्ज केला, फिल्टर लावून पुन्हा तपासा म्हटलं, ७ टक्के आले.)

पेपरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. माझी नोंदणी २०२१ ची, यूजीसीच्या २०१६ च्या नियमात येते, म्हणजे प्रबंधाआधी एक पेपर आणि दोन परिषदा पाहिजेतच. नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमात यूजीसीने ही सक्ती काढली, मान्य नियतकालिकांची केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, चांगलं केलं की वाईट ते मला अजून ठरवता येत नाही. मी जिथं पेपर पाठवला तिथून चार तासांत ‘स्वीकृत’ म्हणून मेल आला आणि १८०० रुपये भरायचा क्यूआर कोड. १२ पानं चार तासांत कुणी वाचली? कुणीच नाही. मी पैसे भरले नाहीत, दुसरीकडे पाठवला, तिथून आठ महिन्यांनी नकार आला पण सोबत दीड पान टिपणं होती, कुणीतरी अनोळखी माणसाने माझं लिखाण शब्दन् शब्द वाचलं होतं, त्या नकाराची प्रिंट काढून मी टेबलासमोर चिकटवलीये. खरंच.

तुमचीही बाजू मला कळते. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली तुमच्याच माथी, पेपर तपासणी तुमचीच, प्रवेश, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, त्यात निम्मी पदं रिकामी असलेल्या विभागात दोन माणसांचं काम एकाने करायचं. आणि खरं बोलायचं तर तुमच्यातल्या कित्येकांचं लिखाणही कुणी असं वाचलं नसेल, तुम्हालाही ‘सुधारणा करा’ आणि सहीच मिळाली असेल. म्हणून मी काही भलतंसलतं मागत नाहीये. मोठमोठ्या लेखन कार्यशाळा नकोत, त्यात उद्घाटनाला एक तास जातो, सत्काराला अर्धा, आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं.

नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, सहयोगी असेल तर सहा, सहायक असेल तर चार. प्रत्येकाची महिन्याला दोन पानं घेतली तर आठांची सोळा पानं होतात. महिन्यातली एक संध्याकाळ, सर. पण वाचायचं ते पेन्सिल हातात घेऊन, पाटी टाकल्यासारखं नाही. अख्खं प्रकरण वाचू नका, मला तर वाटतं प्रकरण वाचायला घेतलं की कुणीच वाचत नाही, दोन पानंच घ्या आणि ‘कुणी सांगितलं’, ‘कधी’, ‘म्हणजे काय’ एवढं समासात लिहा.

आरएसीला आम्ही सात मिनिटांत दहा स्लाइड दाखवतो, त्यातल्या तीन ‘धन्यवाद’, ‘अनुक्रमणिका’ आणि विद्यापीठाच्या बोधचिन्हाच्या असतात. त्याऐवजी आठ दिवस आधी आमची दोन-चार पानं मागवा आणि त्या सात मिनिटांत त्यावरच बोला. चुका निघतील, निघू देत, तुमच्या पुढ्यात निघालेल्या बऱ्या. कोर्सवर्कमध्ये व्याख्यांचा एक प्रश्न कमी करा आणि पाच पानं लिहून घ्या, ती खुणा करून परत द्या, पुन्हा लिहून घ्या, दोन्ही खर्डे जोडून मग मार्क द्या. आणि कृपा करून युनिकोड सोडून दुसऱ्या कुठल्या फॉन्टमधला प्रबंध घेऊ नका, तो शोधगंगेवर चढतो पण त्यात एक शब्द शोधता येत नाही, म्हणजे चढला काय नि न चढला काय.

आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. आम्ही चौघं दर शनिवारी कॅन्टीनच्या मागच्या बाकावर बसतो, एक अर्थशास्त्राचा, एक भूगोलाचा, एक मराठीची आणि मी, प्रत्येकाने दोन पानं आणायची आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायची. दुसऱ्याच्या तोंडून आपलं वाक्य ऐकताना कुठे श्वास अडकतो ते लगेच कळतं. मागच्या महिन्यात भूगोलवाल्याने माझी पाझर तलावांची यादी वाचली आणि म्हणाला, नकाशा कुठे आहे, आणि तिथंच पानाच्या मागे पेनाने माणगंगा काढून त्यावर माझे नऊ तलाव ठिपक्यांनी मांडले. नऊपैकी सात रस्त्यालगत निघाले. आत, जिथं आज्जीचं गाव आहे, तिथं दोनच. यादीत हे नऊ तलाव चार वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होते.

रोजगार हमीची कल्पना विसापूरच्या वि. स. पागेंनी मांडली, १९७७ मध्ये तिचा आपल्या राज्याने कायदा केला आणि २००५ मध्ये तसाच कायदा देशाचा झाला, पण त्याआधी बहात्तरच्या दुष्काळी कामांवर खडी फोडलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. माझ्या २३ मुलाखतींपैकी सहा जण गेले. त्यांच्या नातवंडांनी प्रबंध हातात घेतला तर तीन पानांच्या पुढे जावं एवढी माझी इच्छा आहे, आणि ते मला एकटीला जमणार नाही.

पुढची आरएसी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. यावेळी मी पीपीटी करणार नाहीये. आरएसीच्या तिन्ही सदस्यांना आज चार पानं मेल केलीयेत, पीडीएफ नाही, वर्ड फाइल, म्हणजे कॉमेंट टाकता येतील, ज्यांना कागदावर बरं वाटतं त्यांच्यासाठी विभागात प्रिंट ठेवलीये, सोबत क्लिप लावून पेन्सिलही.

आपली,
पाचव्या वर्षाची एक पीएचडीवाली

ता. क. पान ३ वर आज्जीचं मिलूच्या भाकरीचं वाक्य तिच्या तोंडचं आहे तसंच परत घातलंय. ते सोडून बाकी काहीही खोडा.